जिन्याची खालची बाजू

पुतणीची हळद ठरली त्या संध्याकाळी मी यादी करायला बसले आणि पहिल्याच ओळीवर अडले. ओळ होती, ‘सासूबाईंना खाली आणणे.’ पुढे कोण, कधी, कसं असे तीन रकाने. तिन्ही रिकामे.

एरवी माझ्या यादीत रिकामा रकाना राहत नाही. पूर्णा गावातल्या एका गोदामात मी माल बाहेर पाठवण्याचं काम बघते. कुठल्या कंटेनरमध्ये काय चढलं, कुणी मोजलं, कुणी दार लावलं, हे लिहून झाल्याशिवाय गाडी हलत नाही. तीच सवय घरी येते. आमच्या फ्रिजचं दार कागदांनी भरलेलं असतं. घरातले त्यावरून माझी थट्टा करतात आणि गॅस संपला की पहिल्यांदा तिकडेच बघतात.

घर कशेळीला, खाडीपासून जवळ. तळमजला एका ट्रान्सपोर्टवाल्याला ऑफिससाठी दिलेला. वर दोघा भावांची कुटुंबं आणि सासूबाई. लिफ्ट नाही. घर बांधलं तेव्हा सासूबाई भरलेली कळशी घेऊन गच्चीवर जात होत्या, लिफ्टचा विषय काढणाऱ्याला त्यांनीच हसून वेड्यात काढलं असतं.

सासूबाई धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत हळदीला आणि लग्नाला धवले गाणारी आणि कुठला विधी कधी ते सांगणारी बाई म्हणजे धवलारीण. तांदळाच्या पिठाचा चौक तिच्या सांगण्याप्रमाणे घालायचा, नवरीला पाटावर बसवायची ती सांगेल तेव्हा, आणि तिनं गळा उघडल्याशिवाय हळदीच्या वाटीला कुणी हात लावायचा नाही. अर्ध्या गावाच्या पोरींना सासूबाईंनी असं पाटावर बसवलं आहे. आता पहिल्यांदाच घरची नात बसणार होती, माझ्या मोठ्या जावेची मुलगी.

आणि सासूबाई पावसाळ्यापासून खाली उतरल्याच नव्हत्या.

न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. दवाखान्यातून आणलं तेव्हा दोघा मुलांनी आणि दोघा शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. पूर्ण जिना त्या डोळे गच्च मिटून होत्या. वर आल्यावर डोळे उघडले आणि म्हणाल्या, “चार बापयांनी मना उचलली. बापयांनी उचलाची येल एकदाच येते, माझी आगाव झाली. आता परत कोनी हात लावाचा न्हाय.”

आम्हाला वाटलं, दुखण्यातलं बोलणं आहे, जाईल. गेलं नाही. वॉकर घेऊन त्या खोलीतल्या खोलीत फिरू लागल्या, पण जिना त्यांच्याच्यानं उतरवेना आणि मुलांना त्या हात लावू देईनात. हळदीची तारीख निघाली तेव्हा माझे यजमान म्हणाले, “आई, तू वरूनच म्हण. मी माइकची वायर वर सोडतो. डीजेचे मोठे स्पीकर आहेत, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल.”

“माइकवर भाजीवाला वरडतो,” सासूबाई म्हणाल्या. “धवला वरून फेकाचा अस्तोय काय? चौकाशी बसून सांगाचा अस्तोय.”

“मग खाली कशी येणार?”

“सुना न्हाईत मना? त्यांना दोन दोन हात दिलेत.”

वहिनी तेव्हा दारातच उभ्या होत्या. माझ्या जाऊबाईंना मी यजमानांच्या मागोमाग वहिनीच म्हणते आणि सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई. रात्री भांडी लावताना त्या म्हणाल्या, “माझ्या पोरीच्या हळदीला दुसरी धवलारीण आणायची, आणि आत्याबाई वर खिडकीत बसून ऐकणार. मला ते बघवणार नाही. तू काहीतरी लिही गो तुझ्या त्या कागदावर.”

म्हणून मी ‘कोण’ या रकान्यात लिहिलं, ‘वहिनी आणि मी.’

सासूबाईंचे व्यायाम घ्यायला भिवंडीहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येते. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कापडाचे लूम. ही एकटीच दुसऱ्या वाटेला गेली. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. आमचा बेत ऐकून तिनं हातातली पिशवी खाली ठेवली.

“आंटी, शेवटचं वजन कधी उचललं?”

“गहू उचलते की मी दर महिन्याला,” वहिनी म्हणाल्या.

“उचलून दाखवा.”

वहिनींनी कोपऱ्यातलं पोतं कमरेतून वाकून ओढलं. मी दुसऱ्या बाजूनं धरलं, तशीच. मुलीनं कपाळावर हात मारला. “पहले अपनी कमर देखो. तुम्ही दोघी आडव्या झालात तर एका घरात तीन पेशंट. माझ्या रिक्षाच्या फेऱ्या वाचतील, पण हळद कोण लावणार?”

तिनं नाही म्हटलं नाही, ही तिची मोठी गोष्ट. तिनं एवढंच सांगितलं, की हळदीपर्यंत रोज सकाळी दोघींनी मिळून तयारी करायची. एकटीनं करून उपयोग नाही, कारण जिन्यावर दोघी असणार आहात. नंतर मी तुम्हाला नापास करू शकते आणि केलं तर तुम्ही ऐकायचं. आम्ही कबूल केलं.

डंबेल घरातच निघाले. पुतणीनं दोन वर्षांपूर्वी हौसेनं मागवले होते, एक जोडी पाच किलोची, एक तीनची. पाचातला एक गच्चीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावलेला, दुसरा लोणच्याच्या बरणीवर दाबाला. तीनची जोडी पलंगाखाली खोक्यातच होती. मी चारही धुऊन पुसून सासूबाईंच्या खोलीत मांडले. व्यायाम तिथेच करायचा ठरला, कारण सकाळी त्यांच्याजवळ कुणीतरी लागतंच.

प्रकार साधे होते. समोरासमोर उभं राहायचं, खुर्चीत बसतो तसं दोघींनी एकदम खाली जायचं, एकदम वर यायचं आणि वर आल्यावर एकीनं डंबेल दुसरीच्या हातात द्यायचा. मग पाठीला पाठ लावून कमरेतून वळून द्यायचा. मग जमिनीवरचं वजन पाठ सरळ ठेवून, मांड्यांच्या जोरावर उचलायचं आणि आवाज न करता परत ठेवायचं. शेवटी दोन्ही हातांत वजन घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत चालायचं. मुलगी म्हणाली, “जिममधले मसल बनवायचे नाहीत. सिलिंडर सरकवणं, गादी उलटणं, आजीला उठवणं, जे रोज करता त्याचीच प्रॅक्टिस. आणि एक नियम. जिला वाटेल तिनं ‘ठेव’ म्हणायचं. दुसरीनं का विचारायचं नाही. ठेवायचं.”

मी तक्ता केला. कुठल्या दिवशी काय, किती वेळा, कुणाच्या हातात कुठलं वजन. वजन जिचं तिच्याच हातात राहतं त्या प्रकारांत वहिनींच्या नावापुढे पाच किलो आणि माझ्यापुढे तीन लिहिलं. लिहिताना हात क्षणभरही थांबला नाही. आमच्या घरात पहिलं कुंकू मोठ्या सुनेला, पहिलं ताट तिला, आहेरातलं भारी लुगडं तिला. मोठं ते मोठीला. वहिनींनीही तक्ता वाचला आणि बरोबर आहे अशी मान हलवली. सासूबाई उचलताना डोक्याकडची बाजू त्यांची आणि पायाकडची माझी, हेही तसंच न बोलता ठरलं.

पहिल्या सकाळी आम्ही दोघी गाऊनवर ओढणी बांधून उभ्या राहिलो. सासूबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या, चहाची बशी हातात.

“खाली जा. अजून खाली,” त्या म्हणाल्या. “शेत लावताना कशी वाकत होतीस?”

मी म्हणाले, “आत्याबाई, मी शेत कधी लावलंच नाही. माझ्या वडलांचं अंबाडीच्या नाक्यावर दुकान होतं.”

“मंगे बरोबर. दुकानवाली तशीच वाकते, गल्ल्यात बघल्यावानी.”

वहिनी हसल्या आणि त्यांच्या हातून डंबेल गादीवर पडला. सासूबाईंची बशी हिंदकळली. पहिला दिवस एवढाच.

पण आम्ही सोडलं नाही. सकाळचा डबा, पाणी, दूध या सगळ्याच्या आधीची वेळ मी त्यासाठी काढली आणि तक्त्यात पहिल्या ओळीवर टाकली. चार दिवस मांड्या अशा दुखल्या की संडासातून उठताना नळ धरावा लागे. मग दुखणं ओसरलं. समोरासमोर उठता बसता आम्हाला एकमेकींचा श्वास कळायला लागला. वहिनी वर येताना नाकातून बारीक आवाज करतात, तो ऐकला की मी हात पुढे करायचे. बघायची गरज उरली नाही. एवढ्या वर्षांत एका स्वयंपाकघरात वावरलो, पण इतका वेळ समोरासमोर उभ्या राहून एकमेकींच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं. आधी दोघींनाही हसू यायचं. मग सवय झाली.

गोदामातही फरक जाणवला. तिथल्या मुलांनी खालच्या फळीवरचं खोकं सरकवायला हाक मारायच्या आत मी ते सरकवलेलं असायचं. “मॅडम, आप रहने दो” हे वाक्य हळूहळू बंद झालं.

मग फिजिओवाली म्हणाली, आता जिना.

दोन हातांची जुनी सागवानी खुर्ची घेतली. तिच्यात तांदळाचं पोतं पट्ट्यानं बांधलं. खुर्ची थोडी मागे कलती करून एकीनं वरून पाठ धरायची आणि दुसरीनं खालून पुढचे पाय. पहिल्याच पायरीला कळलं, की जिन्यावर हिशोब उलटा आहे. सपाटीवर डोक्याकडची बाजू जड. जिना उतरताना ओझं खालच्या बाजूवर येतं. वरचीनं मागे ओढून धरायचं, खालचीनं पेलायचं.

“मग खाली मी,” वहिनी लगेच म्हणाल्या.

मी बाजू सोडली. मोठीनं जड बाजू मागितली, लहानीनं वाद घालायचा नसतो.

तीन सकाळी आम्ही पोतं उतरवलं. वहिनी खाली, मी वर. माझ्याकडून मला त्यांचा फक्त वाकलेला माथा आणि खांदे दिसत. चौथ्या सकाळी फिजिओवाली खालच्या वळणावर उभी होती. तिनं आम्हाला मध्येच थांबवलं, वहिनींच्या पायाशी बसली आणि दोन्ही हात त्यांच्या गुडघ्याला लावले. मग उठून म्हणाली, “आंटी, हा गुडघा गरम आहे. सुजलाय. किती दिवस?”

“जरासा असतोच.”

“खालची बाजू तुमची नाही. आणि हे पाच किलोही तुमचे नाहीत.” ती माझ्याकडे वळली. “जिच्यात जास्त ताकद ती खाली. हे मी पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं, तुम्ही वजनं बघून वाटून घेतली असतील.”

बघून नव्हे, वय धरून वाटली होती. मी गोदामात असं कधीच करत नाही. तिथे जड खोकं सगळ्यांत जुन्या हमालाकडे नाही, दणकट हमालाकडे जातं. घरी ते डोक्यातही आलं नव्हतं.

त्या दुपारी मी तक्ता बदलला. काही न बोलता नवा कागद लावला, वहिनी तीन, मी पाच, वहिनी वर, मी खाली. वाटलं, काम सोपं केलं.

संध्याकाळी वहिनी दुधाची पिशवी ठेवायला फ्रिजपाशी गेल्या आणि तिथेच थांबल्या.

“हे काय गो?”

“काय?”

“माझ्या नावापुढं तीन.”

“फिजिओ मॅडम म्हणाल्या ना, गुडघ्याला—”

“मॅडम या घरात मोठी सून हाय काय?” वहिनी चिडल्या की माहेरच्या बोलीवर जातात. “पोर कोनाची? हलद कोनाच्या पोरीची? आनि मी हलकं उचलू? उद्या मांडवात बाया काय म्हनतील, आई मागून नुस्ती खुर्ची धरून आली, आनि काकीनं सासूला आनली.”

“वहिनी, तुमचा पाय मध्येच गेला तर आत्याबाई—”

“माझा पाय मना कलतो. तू विचारलंस काय? कागद लावून मोकली झालीस.”

ते खरं होतं. मी विचारलं नव्हतं. त्यांना जे तोंडावर सांगायला हवं होतं, ते मी फ्रिजच्या दाराला सांगायला लावलं.

दुसऱ्या सकाळी वहिनी आल्या नाहीत. मी एकटीच समोर कुणी नसताना खाली वर करत राहिले. वजन द्यायची वेळ आली की हात पुढे व्हायचे आणि पुढे भिंत. सासूबाईंनी दोन दिवस हे बघितलं.

“काय गो, कुस्ती मोडली?”

“नाही, आत्याबाई. वहिनींना काम आहे.”

“तिला कालपन काम होता. मंगे मी आता माइकवरच वरडू काय?” असं म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांनी नंतर व्यायामही केला नाही आणि वॉकरलाही हात लावला नाही.

तिसऱ्या सकाळी मी लवकर उठले. आज जाऊन माफी मागायची, कागद फाडायचा, पण खालची बाजू सोडायची नाही, एवढं ठरवून स्वयंपाकघरात गेले. दिवा लागलेला होता. वहिनी ओट्यापाशी उभ्या होत्या, हातात पाच किलोचा डंबेल. कमरेतून वळून त्यांनी तो ओट्यावर ठेवला. दुसऱ्या बाजूनं वळून उचलला. मग फ्रिजकडे तोंड करून सावकाश खाली गेल्या. वर येताना मध्येच त्यांचा डावा पाय लटलटला. त्यांनी फ्रिजची कडी धरली, तशा उभ्या राहिल्या, पुन्हा खाली गेल्या. पुन्हा तेच.

मी मागे सरणार होते, पण त्यांनी पाहिलं.

“ये. बघून घे,” त्या म्हणाल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि गुडघा चोळत राहिल्या. “समोर तू असलीस की हा पाय असा करत नाही. म्हणजे करतो, मी करू देत नाही. दात आवळून धरून ठेवते. तुला कळू नये म्हणून निम्मी ताकद त्यातच जाते. इथं कुणी नव्हतं म्हणून मोकळा सोडला, तर बघ काय करतोय.”

मी त्यांच्या समोर खाली बसले. “मी विचारायला पाहिजे होतं.”

“पाहिजेच होतं.” त्यांनी गुडघ्यावरचा हात काढला. मग डंबेल माझ्याकडे सरकवला. “तू खाली. पण एक सांगते, ‘ठेव’ म्हणायला लाजायचं नाही. मी लाजत होते. तूपण लाजशील, तुझंही नाक काही लहान नाही.”

“नाही लाजणार.”

“आणि मांडवात कुणी विचारलं तर सांगायचं, वरून आईनं धरलं म्हणून खुर्ची तिरपी झाली नाही.”

“ते खरंच आहे. वरचीनं सोडलं तर खालची संपली.”

“मग तसंच सांग. थोडं मोठ्यानं.”

नवा तक्ता आम्ही दोघींनी मिळून केला. त्यात वहिनींनी माझ्या नावापुढे जादा एक फेरी टाकली. मी ती तशीच राहू दिली.

पोत्यानंतर माणसाची पाळी. आमची नवरी स्वतःहून खुर्चीत बसली. पट्टा बांधताना वहिनी म्हणाल्या, “आजीपेक्षा तू जड आहेस गो. सासरी उचलून घरात नेणार असतील तर आधी त्यांनाही तक्ता पाठवायला पाहिजे.” ती इतकी हसली की आम्हाला खुर्ची ठेवून थांबावं लागलं. पण आम्ही तिला उतरवलं. मग दुसऱ्यांदा, न हसवता. फिजिओवाली खालच्या पायरीवर हाताची घडी घालून उभी होती. तिनं फक्त एवढंच विचारलं, “साडी नेसून केलंत का?” केलं नव्हतं. पुढचे सगळे दिवस आम्ही नऊवारी लुगड्यात सराव केला आणि माझ्या लक्षात आलं, की काष्ट्याइतका सोयीचा पोशाख व्यायामाला दुसरा नाही.

सुरक्षेसाठी माझे यजमान आणि थोरले भाऊजी माझ्या खालच्या पायऱ्यांवर असावेत, असा मी आग्रह धरला. त्यावर सासूबाईंशी बोलणी करावी लागली. अखेर त्या तयार झाल्या, पण हात मागे बांधून. “पडलीच तर धरा. न पडता हात लावलात तर बघा.”

हळदीच्या दिवशी यादीतली प्रत्येक ओळ वेळेवर झाली. पायऱ्या कोरड्या पुसल्या, पायपुसणी उचलली, चपला बाजूला, जिन्यात कुणी उभं राहायचं नाही. खाली मांडवात चौक घालून तयार. जनरेटर चालू होता, डीजेवाल्याला मी थोडा वेळ आवाज बंद ठेवायला सांगितलं होतं. आम्ही दोघी सासूबाईंना आणायला निघालो, तेवढ्यात मांडवातल्या बायकांनी आम्हाला घेरलं. नवरीची आई आणि काकी कोरड्या जातात म्हणजे काय? विधीची वाटी बाजूला ठेवलेली होती, पण मस्करीची हळद परातभर भिजवलेली, तेल घालून. तोंडाला, मानेला, हातांना, कोपरापर्यंत. आम्ही ओरडत, हसत सुटलो, पदराला हात पुसले आणि वर गेलो.

सासूबाई तयार होत्या. हिरवं लुगडं, कपाळ मोकळं, पांढरा अंबाडा घट्ट. खुर्चीत बसल्या, पट्टा बांधू दिला. वहिनींनी पाठ धरली, मी पुढचे पाय. वहिनींनी नाकातून तो बारीक आवाज केला आणि आम्ही उचललं.

पहिला टप्पा चांगला गेला. माझ्या मागे, खाली, दोन धिप्पाड पुरुष हात पाठीशी घेऊन उलटे उतरत होते, एखाद्या शिक्षकानं शिक्षा केल्यासारखे. सासूबाईंनी या वेळी डोळे उघडे ठेवले होते. त्या माझ्याकडेच बघत होत्या. वळण दोन पायऱ्यांवर असताना माझ्या डाव्या हातातला खुर्चीचा पाय सरकला.

थोडासाच. मग परत. माझ्या तळहाताला तेल होतं. साडी, चपला, पायपुसणी, सगळं मी लिहिलं होतं. हळदीच्या दिवशी हाताला हळद असेल, एवढंच लिहिलं नव्हतं.

वळणापर्यंत पोचू, दोनच पायऱ्या, असं मनात आलं. खाली मांडवातल्या बायका माना वर करून बघत होत्या. दात आवळून धरून ठेवावं असंही आलं. आणि मला तो लटलटणारा पाय आठवला.

“ठेव,” मी म्हणाले.

वहिनींनी का विचारलं नाही. मी पायरीवर गुडघा टेकला, खुर्चीचे पुढचे पाय माझ्या मांडीवर आणि पायरीवर आले, मागचे त्यांनी वरच्या पायरीला दाबून धरले. खुर्ची थांबली. सासूबाईंनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले.

“हात तेलकट आहेत,” मी म्हणाले.

वहिनींनी स्वतःचा एक हात बघितला. “माझेपण.” मग माझ्यावरून खाली बघून त्या भाऊजींवर ओरडल्या, “अवो, आता सोडा की ते मागचे हात! चौकाच्या पिठाचं ताट आना!”

भाऊजी धावत गेले आणि ताट घेऊन आले. आम्ही आळीपाळीनं हात सोडून पदरानं खरखरून पुसले आणि तांदळाचं पीठ चोळलं. तळहात पांढरे, कोरडे. सासूबाई वरून हे बघत होत्या.

“चौकाचा पीठ हाय ता,” त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता ओरडतील. “सांडू नको. मनापन दे थोडा.” आणि त्यांनी चिमूटभर पीठ घेऊन खुर्चीच्या हातांवर, स्वतःच्या मुठींखाली चोळलं.

वहिनींचा श्वास ऐकला आणि आम्ही पुन्हा उचललं. वळण. दुसरा टप्पा. शेवटच्या पायरीवर माझ्या मांड्या थरथरत होत्या, पण त्या थरथरीची आता मला ओळख होती. तिच्यानंतर अजून किती उरतं ते माहीत होतं. खुर्ची चौकाशी टेकली, आवाज न करता, जशी आम्ही रोज डंबेल ठेवत आलो तशी.

मांडवात कुणीतरी विचारलंच, “काकीनं खालून पेललं वाटतं?”

“वरून वहिनींनी धरलं म्हणून,” मी म्हणाले. थोडं मोठ्यानं.

सासूबाईंनी नातीला पाटावर बसायची खूण केली, चौकाची एक रेघ वाकडी म्हणून पुन्हा घालायला लावली, जनरेटर बंद करायला सांगितला. मग गळा उघडला. आवाज पहिल्यासारखा भरदार नव्हता. दुसऱ्या ओळीला दम तुटला. त्यांनी थांबून श्वास घेतला आणि तीच ओळ पहिल्यापासून धरली, आणि बायकांनी मागून उचलली. वहिनी मुलीच्या मागे उभ्या होत्या. पिठानं पांढरे झालेले हात त्यांनी तसेच मुलीच्या खांद्यांवर ठेवले होते. पहिली हळद लागली तेव्हा त्या हातांचे ठसे तिच्या साडीवर उमटलेले मला दिसले.

त्या दिवशी सासूबाईंनी परत वर जायला नकार दिला. ट्रान्सपोर्टवाल्यानं ऑफिसची एक खोली मोकळी करून दिली. लग्न होईपर्यंत त्या खालीच राहिल्या, येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक बाईला हाक मारून काही ना काही चुकतंय ते सांगत.

वरात गेल्याच्या दुसऱ्या सकाळी मी उशिरा उठायचं ठरवलं होतं. यादीत तसं लिहिलंही होतं, ‘आराम.’ दारावर थाप पडली. वहिनी लुगड्याचा काष्टा घालून उभ्या, डोळे रडून सुजलेले, काखेत दोन्ही जोड्या. तीनची जोडी त्यांनी स्वतःकडे ठेवली आणि पाचची माझ्यापुढे धरली.

“चल,” त्या म्हणाल्या. “आत्याबाई उतरवल्या त्या उतरवल्या. चढवायच्या राहिल्यात.”